सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही

गेल्या दोन वर्षांत आपल्या मोहल्ल्यांमध्ये घर, जमीन आणि कागद या विषयांवर जेवढे बोलले गेले तेवढे आधी क्वचितच बोलले गेले असेल. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा बुलडोझर कारवायांवरचा निकाल आला. ८ एप्रिल २०२५ पासून वक्फ दुरुस्ती कायदा लागू झाला. १५ सप्टेंबरला त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती मिळाली, आणि डिसेंबरपर्यंत उमीद पोर्टलवर कागद चढवण्यासाठी मुतवल्ली आणि ट्रस्टी मंडळींची धावपळ चालू राहिली. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात लोक एकमेकांना एकच विचारत होते, आपल्या मिळकती आपल्याकडे राहतील ना?

प्रश्न रास्त आहे. पण याच काळात राज्यात आणखी एक मोहीम झाली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलले नाही. एप्रिल-मे २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मयत खातेदारांची नावे काढून तिथे वारसांची नावे लावायची, हे तिचे काम. वरवर पाहता साधी सरकारी बाब. पण वारसांची यादी तलाठ्याच्या हाती देताना घरोघरी एक निर्णय होतो, यादीत किती नावे लिहायची? अब्बांना तीन मुली आणि दोन मुलगे असतील तर पाच, की दोन?

आम्हाला या लेखात नेमके याच यादीबद्दल बोलायचे आहे. सरकार आपली मिळकत कायद्याशिवाय घेऊ शकत नाही हे आपण ठासून सांगतो आणि ते खरेही आहे. तोच नियम घरातल्या घरात भाऊ आणि बहीण यांच्यात कसा लागू होतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना नीट ठाऊक असते.

मालकी कशाने येते

आधी मुळापासून पाहू. घटनेत सुरुवातीला मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढून कलम ३००-अ मध्ये ठेवला. त्या कलमाचा अर्थ एवढाच की कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. वाक्य छोटे आहे, पण न्यायालयांनी त्याला बराच अर्थ दिला आहे. १६ मे २०२४ रोजी कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता कायदा दाखवून आणि पैसे देऊन भागत नाही. आधी नोटीस हवी, म्हणणे ऐकले पाहिजे, कारणांसह निर्णय हवा, घेण्यामागे सार्वजनिक कारण हवे, मोबदला वाजवी हवा, काम ठरल्या वेळेत व्हावे आणि शेवटास जावे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या निमित्ताने बहुमताने हेही स्पष्ट केले की प्रत्येक खासगी मिळकत ही 'समाजाची साधनसंपत्ती' म्हणून धरता येणार नाही.

हे झाले सरकारविरुद्धचे संरक्षण. पण मुळात मालक कोण, हे कशावरून ठरते? इथेच आपल्याकडे सर्वात जास्त गोंधळ आहे.

मालकी येण्याचे रस्ते मोजकेच. विकत घेतली, बक्षीस मिळाली, मृत्युपत्राने आली, वारशाने आली, वाटपात मिळाली किंवा सरकारने दिली. विकत घेतलेली असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोंदणीकृत खरेदीखत लागते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि पैसे दिल्याची पावती अशा तीन कागदांवर घर 'घेतलेले' लोक आपल्या वस्त्यांमध्ये पुष्कळ आहेत. २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की अशा व्यवहाराने मालकी येत नाही.

आता सातबाऱ्याकडे येऊ. सातबारा, फेरफार, आठ-अ, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, घरपट्टीची पावती, वीज बिल, यांतल्या एकाही कागदाने मालकी जन्माला येत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, शेतसारा कोणाकडून घ्यायचा ते सांगणारा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यावरची नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफार नोंदीने हक्क मिळत नाही की जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात तर न्यायालय आणखी पुढे गेले. आपल्या देशात दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी कोणी देत नाही, या व्यवस्थेच्या दुखण्यावरच त्याने बोट ठेवले.

गावठाणातही हेच. ड्रोनने मोजणी करून स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रके दिली जात आहेत, १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून जास्त वाटली गेली. चांगली गोष्ट. पण मोजणीच्या दिवशी घरी कोण होते आणि त्याने कोणाचे नाव सांगितले, यावर पत्रकातले नाव अवलंबून राहते. बहुतेक ठिकाणी ते थोरल्या भावाचे असते.

मय्यत झाली त्या क्षणी

मुस्लिम वारसा कायद्याची एक गोष्ट इतर कायद्यांपेक्षा वेगळी आहे आणि ती आपल्याच लोकांना कमी माहीत आहे. बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा त्याच्या मिळकतीत काडीचाही हक्क नसतो, मुलीचाही नसतो. 'वडिलोपार्जित आहे, अब्बांना विकताच येणार नाही' असे मुलगे सांगतात तेव्हा ते शेजाऱ्याचा कायदा सांगत असतात. हिंदू एकत्र कुटुंबात जन्माने हक्क मिळतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर तो देशभर मुलींनाही मिळाला, महाराष्ट्रात तर १९९४ मध्येच. आपल्याकडे जन्माने हक्क नाही आणि एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पनाही नाही.

पण त्याची दुसरी बाजू अशी, की माणूस गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या मालकीचा होतो. त्यासाठी तलाठी लागत नाही, फेरफार लागत नाही, वाटप लागत नाही, भावाची परवानगी तर मुळीच लागत नाही. दफनाचा खर्च, कर्ज आणि असल्यास एक तृतीयांशापर्यंतची वसीयत वजा करायची. कर्जात बायकोचा न दिलेला मेहरही येतो, हे विसरले जाते. उरलेल्या तर्क्याचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिले आहेत.

हिशेब करून पाहू. समजा एका माणसाने एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन मागे ठेवली. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरलेले ३५ गुंठे मुलांमध्ये मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात. प्रत्येक मुलाला १४ गुंठे, मुलीला ७ गुंठे. कोकणातले शाफई, देशावरचे हनफी, मुंबईचे बोहरे आणि खोजे यांच्या मसलकांत काही बाबतींत फरक आहेत, पण या उदाहरणात हिशेब सगळ्यांचा सारखाच येतो.

आता याच ४० गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर प्रत्यक्षात काय दिसते? थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव, आणि जुन्या उताऱ्यांवर पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मुसलमानाच्या घरात एकत्र कुटुंबच नाही तर मॅनेजर कुठून आला? पण तलाठ्याच्या दप्तरात हीच पद्धत होती, तीच सगळ्यांना लावली गेली, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनाही ती सोयीची वाटली. कायद्याने थोरला भाऊ हा फक्त १४ गुंठ्यांचा मालक. बाकीचे २६ गुंठे तो विकू शकत नाही, बँकेत गहाण ठेवू शकत नाही. विकले तरी घेणाऱ्याच्या पदरात १४ गुंठ्यांचाच हक्क पडतो.

भावंडे लहान असतील तर गोष्ट आणखी गंभीर होते. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलांच्या स्थावर मिळकतीची पालक आई नसते, भाऊ किंवा काकाही नसतो. बाप, बापाने नेमलेला, आजोबा किंवा आजोबांनी नेमलेला, एवढेच. यांपैकी कोणी नसेल तर जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. नवरा वारल्यावर अडचणीत सापडलेल्या आईने मुलांच्या वतीने जमीन विकली, तर मुलांच्या हिश्श्यापुरता तो व्यवहार रद्दबातल ठरतो. तिचा हेतू कितीही नेक असला तरी. खरेदी करणारेही आपलेच लोक असतात, त्यांनीही हे पाहून घ्यायला हवे.

बापाआधी मुलगा गेला तर नातवंडांचे काय, हा प्रश्नही वारंवार येतो. आजोबांचा दुसरा मुलगा हयात असेल तर मेलेल्या मुलाची मुले वारस होत नाहीत. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. उपाय आजोबांच्या हातात असतो, एक तृतीयांशापर्यंत वसीयत किंवा हयातीत हिबा. पण आजोबा तो करत नाहीत, कारण घरात मृत्यूबद्दल बोलणे कोणालाच आवडत नाही.

'बहिणीने माफ केले'

बहिणीला हिस्सा न देण्याची कारणे ठरलेली असतात. तिच्या लग्नात खर्च केला. तिच्या नवऱ्याचे चांगले चालले आहे. ईदला आपणच बोलावतो, बाळंतपणे आपणच केली. आणि शेवटचे, सर्वात जास्त ऐकू येणारे, आपाने स्वतःच माफ केले.

यातल्या पहिल्या तिन्हींना कायद्यात जागा नाही. लग्नाचा खर्च हा हिस्सा नसतो. चौथे तपासून पाहण्यासारखे आहे.

बाप जिवंत असताना मुलीने 'मला काही नको' असे लिहून दिले तर त्याला अर्थ नाही, कारण जो हक्क अजून आलाच नाही तो सोडता येत नाही. एक अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या गुलाम अब्बास प्रकरणात सांगितला. बापाकडून आधीच पुरेसा मोबदला घेऊन जिने हक्क सोडल्याचे मान्य केले आणि इतरांनी त्यावर विसंबून व्यवहार केले, तिला नंतर उलटता येत नाही. म्हणजे मोबदला घेतलेला असला पाहिजे.

बाप गेल्यानंतर हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. चहाच्या टेबलावरचे 'जाऊ दे भाईजान' पुरत नाही, तलाठ्यासमोरचा जबाबही पुरत नाही. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असल्यामुळे हे काम अर्ध्या दिवसात होते, आणि तीच अडचण आहे. चाळिसावा होतो न होतो तोच बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. सही केली नाही तर माहेरचा दरवाजा बंद होईल ही भीती असते, कोणी बोलून दाखवो न दाखवो. अशी सही कायद्याने बहुतेक वेळा टिकते. दबावाखाली घेतली हे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. म्हणून आमचे सरळ म्हणणे असे आहे की जमातीच्या लोकांनी आणि इमाम साहेबांनी मय्यतीच्या घरी हा विषय वेळेवर काढावा. मीरासचा मसला जुम्याच्या बयानात वर्षातून एकदाही येत नाही अशा मशिदी आपल्याला माहीत आहेत.

'सात गुंठ्यांचा तुकडाच पडत नाही, तिला काय देणार?' असेही ऐकायला मिळते. तुकडेबंदी कायदा आहे हे खरे. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वेगळा काढता येत नाही हेही खरे. पण त्याच कायद्यात अशा हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैशात मोबदला देण्याची सोय आहे, आणि सामाईकात तिचे नाव लावायला तर कोणाचीच हरकत नाही. १९३७ च्या शरीअत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, असा मुद्दा एखादा वकील काढतो. तेही खरे. उत्तर प्रदेशात जमीनदारी उच्चाटनाच्या कायद्याने शेतीच्या वारशाची स्वतःची क्रमवारी लावली आणि मुलींना मागे ढकलले. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत तशी क्रमवारी नाही. इथे मुसलमान खातेदाराच्या वारसांची नोंद मुस्लिम कायद्याप्रमाणेच होते आणि त्यात मुलगी येते.

शहरात चित्र थोडे वेगळे. मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा इथल्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव असते आणि बाप गेल्यावर तो मालक होऊन बसतो. नॉमिनी हा मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरते ते नाव असते, मालकी वारसांचीच राहते. डोंगरी, नागपाडा, भेंडी बाजार इथली पागडीची खोली मात्र याहून निराळी. पागडी कितीही मोजलेली असो, राहणारा भाडेकरूच असतो. त्याच्या मृत्यूनंतर भाडेहक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, वारशाचे गणित तिथे जसेच्या तसे चालत नाही. पुनर्विकासात मालकीचा फ्लॅट हातात आला की पुढच्या पिढीला ते पुन्हा लागू होते. जिथे मिळकत मालकीचीच आहे तिथे बिल्डरचा वकील कागद तपासताना बहिणींच्या सह्या मागतो. तेव्हा वीस वर्षांनी भावाला बहिणीचा पत्ता आठवतो, आणि मिठाईचा डबा घेऊन तो तिच्या दारात उभा राहतो.

नोटीस ज्याच्या नावाने येते

इथे कोणी विचारेल, हक्क जर मृत्यूच्या क्षणीच मिळतो आणि सातबाऱ्याने मालकी येत नाही, तर नाव लावण्याची एवढी घाई कशाला?

कारण कायद्याची नोटीस कागदावरच्या नावाला जाते. महामार्गासाठी भूसंपादन होते तेव्हा अधिकारी सातबारा उघडतो. ज्याचे नाव तिथे आहे त्याला नोटीस, त्यालाच सुनावणी, बहुतेक वेळा त्यालाच धनादेश. ३००-अ मधले हक्क सगळ्या मालकांचे आहेत, पण बहिणीला नोटीसच आली नाही तर ती हरकत कुठे घेणार? नंतर भांडून रकमेतला हिस्सा मागता येतो, पण तोवर रकमेचे घर बांधून झालेले असते.

बुलडोझरच्या निकालाचेही तसेच. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले की पाडकामापूर्वी मालकाला किंवा कब्जेदाराला नोंदणीकृत डाकेने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, घरावर चिकटवावी, म्हणणे ऐकावे, कारणांसह आदेश काढावा. निकाल मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचीही भाषा त्यात आहे. रस्ता, पदपथ, रेल्वे लाइन, नदी-तलाव यांवरील अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, हे आपल्या चर्चेत नेहमी सुटते. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या दंगलीनंतर मुख्य संशयित म्हणून अटक झालेल्या माणसाचे घर महापालिकेने पाडले. ते घर त्याच्या आईच्या नावावर होते आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धावही तिनेच घेतली. स्थगिती आली तोवर घर गेले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची माहिती आपल्याला नव्हती असे सांगून. घर गेले ते गेलेच. पण आरोप मुलावर आणि घर आईचे, हा फरक न्यायालयासमोर मांडता आला तो कागदावर तिचे नाव होते म्हणून.

हिब्याच्या बाबतीतही नोंद महत्त्वाची ठरते आहे. मुसलमानाला तोंडी हिबा करता येतो, नोंदणीची सक्ती नाही, ही सवलत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने जपली आहे. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा, या तीन अटी. तिसरीवरच बहुतेक हिबे पडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकातल्या एका जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने आईकडून तोंडी हिबा मिळाल्याचा एका लेकीचा दावा नाकारला. ताबा मिळाल्याचा पुरावा नाही, इतक्या वर्षांत महसुली नोंद नाही, मग हिबा झाला हे कशावरून मानायचे, असा त्याचा सूर होता. ज्या आई-बापांना मुलीला हयातीतच काही द्यायचे आहे, त्यांनी तोंडी हिब्याच्या सवलतीवर विसंबू नये. नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे, ताबा द्यावा, फेरफार करून घ्यावा.

आता थोडे वक्फ कायद्याबद्दल. २०२५ च्या दुरुस्तीत एक तरतूद अशी आहे की कुटुंबासाठी केलेल्या वक्फमुळे, म्हणजे वक्फ-अलल-औलादमुळे, वारसांचा आणि त्यातही स्त्रियांचा वारसाहक्क डावलला जाऊ नये. कौटुंबिक वक्फ कायदेशीर ठरवून घेण्यासाठी आपल्या बुजुर्गांनी १९१३ मध्ये बॅरिस्टर जिनांच्या पुढाकाराने कायदा करवून घेतला होता, त्यामुळे हा विषय आपल्याला नवा नाही. दुरुस्ती कायद्यातल्या इतर अनेक गोष्टींवर आमचा आक्षेप आहे आणि तो आम्ही वेळोवेळी मांडला आहे. वापराने झालेला वक्फ पुढे न मानणे हे जुन्या मशिदी-कब्रस्तानांसाठी धोक्याचे आहे. पण या एका तरतुदीवर चिडण्याआधी थोडे थांबायला हवे. मुसलमान बाईचा हिस्सा बुडतो असे सांगून कोणी कायदा आणत असेल, तर ते सांगण्याची जागा त्याला आपल्या घरातल्या फेरफार नोंदींनी दिलेली आहे.

नाव राहून गेले असेल तर

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अब्बा गेले, नोंद भावांचीच झाली, आता काही होईल का, असे बहिणी दबक्या आवाजात विचारतात. होते.

सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानला जातो. भाऊ जमीन कसतो आहे एवढ्याने बारा वर्षांनी तो पूर्ण मालक होत नाही. बहिणीचा हक्क त्याने उघडपणे नाकारला आणि तिला ते कळले, तेव्हापासून मुदतीचे घड्याळ सुरू होते. म्हणून भावाने लेखी नकार दिला असेल, हिस्सा नाही असे नोटिशीत सांगितले असेल, तर त्या तारखेपासून बारा वर्षांच्या आत दावा करावा, आणि शक्यतो लगेचच.

आधी महाभूलेख किंवा ई-फेरफारवरून चालू सातबारा काढावा, आणि ज्या फेरफाराने वारस लागले त्याची प्रमाणित नक्कल तलाठी किंवा तहसील कार्यालयातून घ्यावी. वारसनोंदीच्या वेळी हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढून हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. बहिणीला ती बजावली होती का, तिच्या नावाने कोणाची सही आहे का, हे त्या कागदपत्रांत दिसते. नोंद चुकीची असेल तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येते. मुदत ६० दिवसांची आहे, पण नोटीसच मिळाली नव्हती हे दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो. भावाने हिस्साच नाकारला असेल तर महसूल अधिकारी मालकीचा निवाडा करू शकत नाही, तिथे दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. दाव्यासोबतच जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज द्यावा आणि दाव्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी, म्हणजे मधेच कोणी खरेदी केली तरी ती दाव्याच्या निकालाला बांधील राहते.

खर्चाची भीती घालून बहिणींना गप्प बसवले जाते, म्हणून दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, राज्य शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे किंवा तिच्या नवऱ्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. अर्ज साधा असतो. सोबत आधार कार्ड, सातबारा, फेरफाराची नक्कल आणि अब्बांच्या मृत्यूचा दाखला न्यावा. प्राधिकरण दोन्ही बाजूंना बोलावून समेटही घडवू शकते, आणि भाऊ तयार असेल तर लोकअदालतीतला तडजोडीचा हुकूमनामा दिवाणी न्यायालयाच्या निकालाइतकाच पक्का असतो. त्याच्या आधारे सातबाऱ्यावर नाव लावून घेता येते.